मांजर सोडू, की बाग?

कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. सहा वर्षांपासून त्यांना आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू आहेत. घरामागे परसबाग आहे. तिथे जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, शेवगा, मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि तुळशीवृंदावन आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी भिजलेलं एक पिल्लू घरात आलं, त्याचा आता दांडगा बोका झालाय. नाव पैलवान. तो वाफे उकरतो, कुंड्या पाडतो, गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावरून ढकलून देतो, पहाटे साडेचारला तोंडावर पंजा मारून उठवतो. गेल्या महिन्यात त्यानं हाताला ओरखडलं, ताईंनी हळद लावली. पुण्याचा मुलगा म्हणतो, मांजर कुणाला तरी देऊन टाक. यजमानांनी परसात पेव्हर ब्लॉक घालायचा अंदाजखर्च काढून आणलाय. सासूबाई म्हणतात, “तुळशीत घाण करतंय, आधी त्याला घालवा बघू.” जाऊबाईंच्या मते मांजराच्या केसांनीच हा आजार वाढलाय. ताई लिहितात, “सकाळी सहाला झाडांना पाणी घालते, कारण नंतर डबे, भाकरी आणि सासूबाईंचं सगळं. बरं वाटलं त्या दिवशी सगळी बाग उरकते, मग दोन-तीन दिवस उठवत नाही. घरच्यांना माझा त्रास बघवत नाही, हेही कळतं. दोन्हींतलं एक सोडायचं ठरवलंय. काय सोडू?”

ताई,

तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडले, ती मांजराचीही नाही आणि बागेचीही नाही. “नंतर डबे, भाकरी आणि सासूबाईंचं सगळं” ही ती ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. घरातल्या प्रत्येकानं तुम्हाला काही ना काही सोडायला सांगितलंय. मुलानं मांजर, यजमानांनी बाग, सासूबाईंनी पुन्हा मांजर. भाकरी सोड असं मात्र कुणी म्हटलेलं दिसत नाही, आणि तुम्हीही स्वतःला तसं विचारलेलं नाही.

जरा हातांकडे बघू. ज्वारीचं पीठ मळताना तळहाताच्या बुडानं जोर लावून रेटावं लागतं. थापताना पसरलेल्या बोटांवर दाब येतो, भाकरी गोल फिरवताना मनगट एका अंगाला वळतं, उचलून तव्यावर टाकताना सगळा भार बोटांच्या टोकांवर. आमवात सहसा बसतो तो नेमका बोटांच्या मुळाशी आणि मनगटात. आणि हे काम तुम्ही करता ते सकाळी, सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात तेव्हा. त्यामानानं मोगऱ्याला दोन तांबे पाणी घालणं काहीच नाही.

मी घरच्यांना दोष देत नाही. काळजी आहे म्हणूनच ते सुचवताहेत. पण घराच्या हिशेबात मांजर आणि बाग तुमची हौस म्हणून धरली गेली आहे आणि भाकरी गरज म्हणून. भाकरी सगळ्यांची गरज आहे हे खरं. मग ती सगळ्यांनी मिळून भागवायची. तुमची स्वतःची गरज काय, ते तर तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय, “दुपारी पैलवान मांडीवर येऊन बसला की तासभर दुखणं आठवत नाही.” ज्या आजाराबरोबर वर्षानुवर्षं राहायचंय, त्यात असा एक तास रोज मिळत असेल तर तो मी सहजासहजी कुणाला काढून घेऊ देणार नाही.

तेव्हा सोडायचंच असेल तर रोजच्या भाकऱ्या थापणं सोडा. कोल्हापुरात भाकरी-चपाती घरी करून देणाऱ्या बायका जवळपास प्रत्येक पेठेत सापडतील. पेव्हर ब्लॉकचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, पण तेवढ्या पैशात किती महिन्यांच्या भाकऱ्या येतील, हा हिशेब यजमानांबरोबर बसून एकदा कराच. सणावाराला, हात बरे असताना, तुम्हाला वाटलं तर चार भाकऱ्या तुम्ही करा. पण रोजच्या सकाळी नकोत.

आता जाऊबाईंचं म्हणणं. आमवात मांजराच्या केसांनी होत नाही आणि वाढतही नाही. आपलीच रोगप्रतिकारक शक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, त्यातून सूज येते, असा हा आजार आहे. केसांमुळे कुणाला शिंका येतील, दमा उसळेल, पण ते वेगळं दुखणं. तेव्हा जाऊबाईंचं ऐकून पैलवानाला घालवू नका.

मुलाची भीती मात्र अगदीच फोल नाही. मेथोट्रेक्सेट ही उलटलेली प्रतिकारशक्ती आवरतं, त्यामुळे तुम्हाला संसर्गाला जपावं लागतं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विष्ठा पडल्या पडल्या तो बाधत नाही, बाधण्याजोगा व्हायला त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बराच कमी होतो. ती तुम्ही उचलायची नाही, यजमानांनी उचलायची. मातीत हात घालताना रबरी हातमोजे, नंतर साबणानं हात स्वच्छ धुणं, आणि वाफ्यातली मेथी-कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच शिजवणं. कोरडं खत किंवा पालापाचोळा हलवताना तोंडाला मास्क लावा, त्यातली बुरशी तुमच्या फुफ्फुसांना नको.

पैलवानाला कच्चं मटण घालू नका, उंदीर-पक्षी आणि कच्चं मांस यांतूनच त्याला हा परजीवी बहुधा लागतो. उकडलेली कोंबडी चालेल, तीही अळणी. रश्श्यातला तुकडा अजिबात नको, कारण कांदा-लसूण मांजराला विषासारखा आहे, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दुधाचंही सांगते, आपल्या गावात हे कुणाला पटणार नाही तरी. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि मग तीच घाण तुळशीत. आणि ताई, गंगावेशच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यायची तुमच्या घरात पद्धत असेल तर तुम्ही त्यातून बाजूला व्हा. या गोळ्या चालू असताना न तापवलेलं दूध तुमच्यासाठी नाही.

ओरखड्यावर हळद लावलीत हे वाचून मला काळजी वाटली. मांजरालाही रेबीज होऊ शकतो. चावलं किंवा ओरखडून रक्त आलं तर पहिल्यांदा साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, चटणी काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रेबीजची लस सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात मिळते. तिथे आवर्जून सांगायचं की मी मेथोट्रेक्सेट घेते, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला लसीबरोबर आणखी काय द्यायचं हे त्यावर ठरतं. मागच्या ओरखड्याला आता महिना झाला आणि पैलवान धडधाकट आहे. चावणारं मांजर दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल तर त्या वेळचा रेबीजचा धोका टळलेला असतो, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला. पैलवानालाही दरवर्षी रेबीजची लस हवी, आणि अजून झालं नसेल तर नसबंदी करून घ्या. बोक्याचं भटकणं, भांडणं, जागोजागी मुतून खुणा करणं त्यानं बरंच कमी होतं. तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

गोळ्यांच्या पट्ट्या तो ढकलतो ही नुसती खोडी समजू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही तशाच घातक. सगळी औषधं ओट्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. घट्ट फिरकीच्या झाकणाचा डबा घेऊ नका, तो तुम्हालाच उघडणार नाही. बिस्किटांचा वर उघडणारा पत्र्याचा डबा बरा. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. घरात दुसरं कुणी गोळ्या काढून देत असेल तर त्याला हे पुन्हा पुन्हा सांगा, कारण चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेततं.

पहाटेच्या पंजाचं बघू. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात तरतरीत असतं, ती त्याची शिकारीची वेळ. तो पंजा मारतो, तुम्ही उठून खायला देता, म्हणजे पंजा मारला की खायला मिळतं हे त्याला पक्कं कळलंय. रात्री झोपायच्या आधी सासूबाईंनी किंवा यजमानांनी त्याला दहा मिनिटं खेळवावं. काठीला चिंधी बांधून पळवलं तरी पुरे, सासूबाईंना खुर्चीत बसूनही जमेल. मग लगेच पोटभर जेवण. शिकार झाली, जेवण झालं की मांजर अंग चाटून झोपतं. तरी पहिले काही दिवस तो येईल, ओरडेल, पंजा मारेल. तेव्हा कुणीही उठायचं नाही. चौथ्या दिवशी दया येऊन उठलात तर सगळं पहिल्यापासून. तुमच्या आजारात रात्रीची झोप औषधाइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून एवढं निक्षून सांगते.

वाफे उकरण्याचं कारणही साधं आहे. भुसभुशीत, नुकतीच खुरपलेली माती त्याला शौचाला आवडते, आणि तुम्ही ती त्याला दर आठवड्याला तयार करून देता. त्याला स्वतःची जागा द्या. परसाच्या कोपऱ्यात, वृंदावनापासून लांब, एक पसरट घमेलं वाळूनं भरून ठेवा, पावसाळ्यात ते पडवीत आणा. वाफ्यांवर बी पेरल्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरा, रोपं त्यातून वर येतात आणि पंजा आत जात नाही. मोठ्या झाडांच्या आळ्यात उसाचं पाचट घाला. आपल्याकडे ते मागाल तेवढं मिळतं, मांजराच्या पायाला टोचतं आणि मातीतली ओल टिकते. तुळशीभोवती गोटे बसवा, सासूबाईंचा निम्मा राग उतरेल. आणि वाफ्यात खोकली नावाचं तण उगवतंय का बघा. त्याच्या मुळांच्या वासाला मांजर वेडं होतं, उकरून काढतं, त्यावर लोळतं. ते उपटून कुंपणाबाहेर टाकलं की पुष्कळदा उकरणं थांबतं.

मांजर दूर राहावं म्हणून डांबर गोळ्या, फिनाईल, तिखटाची भुकटी असलं काही कुणी सुचवलं तर ऐकू नका. पहिल्या दोन गोष्टी त्याला विषारी आहेत, तिसरीनं डोळे आणि पंजे भाजतात, आणि ती माती शेवटी तुमच्याच हाताला लागते. नर्सरीतून मोठ्या फुलांची लिली कधी आणू नका, तिच्या परागाचे कण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. सायकस आणि कण्हेरही नकोच. त्याला चघळायला काही हवं असेल तर नवरात्रात घटाला पेरतो तसे गहू एका परडीत पेरून द्या.

बागेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे तुमची स्वतःची एक सवय आड येतेय. बरं वाटलं की सगळं उरकायचं आणि मग दोन-तीन दिवस आडवं पडायचं. तुम्ही हे थोड्या अभिमानानं लिहिलंय आणि मला तो अभिमान समजतो, कारण त्या दिवशी तुम्ही पूर्वीच्या तुम्ही असता. पण त्या एका दिवसाची किंमत तुम्ही पुढच्या तीन दिवसांत देता, आणि घरच्यांना फक्त ते तीन दिवस दिसतात. त्यांना बाग नकोशी झाली ती त्यामुळे. चांगल्या दिवशी थांबायला शिका. अंग म्हणेल “अजून थोडं,” तेव्हाच खुरपं खाली ठेवायचं. वीस मिनिटं काम, मग खुर्चीत बसून चहा, वाटलंच तर पुन्हा वीस मिनिटं. गोळीच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळांना मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. तुम्हालाही तसं होत असेल तर तो वार बागेला सुट्टीचा.

सकाळी सहाची वेळ बदला. भाकरी तुमच्याकडून गेल्या की सहाला उठून पाणी घालायची घाई उरत नाही. आधी गरम पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप करा, अंग मोकळं होऊ द्या, मग नऊच्या पुढे बागेत. एप्रिल-मेमध्ये ऊन असतं, तेव्हा संध्याकाळी. बादली उचलायची नाही. नळाला पाईप आणि त्याला ठिबकच्या नळ्या जोडून घ्या, शेतीसाहित्याच्या दुकानात सगळं मिळतं, आणि ठिबक कुणालाही बसवता येतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर आपल्याकडे आभाळच पाणी घालतं, ते चार महिने त्या कामातून तुमची सुटका.

खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मूठ जाड करा. बारीक मूठ घट्ट आवळावी लागते, जाड मूठ सैल हातानंही धरता येते. तोच उपाय झारीला आणि लाटण्यालाही करता येतो. मेथी-कोथिंबिरीचे जमिनीवरचे वाफे वर आणा. कमरेएवढ्या लोखंडी स्टँडवर पसरट ट्रे आणि त्यात निम्मी माती, निम्मा कोकोपीट, म्हणजे हलकं राहतं आणि वाकावं लागत नाही. पैलवानाला तिथे उडी मारून चढता येईल, म्हणून जाळी तिथेही हवी. दरवर्षी पेरावं-खुरपावं लागेल असं थोडंच ठेवा. जास्वंद, कढीपत्ता, शेवगा, मोगरा तुमची फारशी सेवा मागत नाहीत. शेवग्याची छाटणी मात्र गड्याकडून करून घ्या.

यजमानांच्या फरशीवाल्याला नाही म्हणू नका. सबंध परसाला नको, पण मागच्या दारापासून नळापर्यंत आणि तिथून वृंदावनापर्यंत खडबडीत ब्लॉकची वाट जरूर करून घ्या, बाजूला धरायला एक पाईप बसवून. पावसाळ्यात आपल्याकडे परसातल्या दगडांवर शेवाळ धरतं. आमवातात हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो, स्टेरॉइड घ्यावी लागत असतील तर जास्तच, आणि अशात पाय घसरणं परवडणारं नाही. यजमानांना जी भीती वाटतेय ती बहुधा हीच आहे. वाट झाली की बाग त्यांनाही धोक्याची वाटणार नाही.

मांजर देऊन टाकणं बरोबर ठरेल अशा वेळा नसतात असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी औषध बदलून आणखी जोरदार औषध सुरू केलं आणि मांजर नको असं स्पष्ट सांगितलं, घरात कुणाला मांजराचा दमा निघाला, किंवा घाण उचलायला तुमच्याशिवाय खरोखर कुणीच तयार नसेल, तर त्याला ओळखीचं, प्रेमळ घर शोधा. हे पत्र वाचणाऱ्या आणखी कुणावर ती वेळ आली असेल तर त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. फक्त पोत्यात घालून गुऱ्हाळावर किंवा मार्केट यार्डात सोडू नका. घरात वाढलेलं मांजर तिथे उपाशी मरतं, आणि उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं १९६०च्या कायद्यानं गुन्हाही आहे.

राहिलं घरच्यांशी बोलणं. “मला जमत नाही” असं म्हणालात की ते पुन्हा मांजर आणि बागेकडेच बोट दाखवतील. त्यापेक्षा नेमकं मागा. यजमानांना म्हणा, “रोज सकाळी वाळूचं घमेलं तुम्ही साफ करायचं, आणि उद्यापासून भाकऱ्या बाहेरून आणायच्या.” मुलाला म्हणा, “मांजराचं राहू दे, ठिबकचे पैसे तू दे, आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा ट्रेचे स्टँड बसवून जा.” सासूबाईंना बाहेरची भाकरी पहिले काही दिवस रुचणार नाही, त्या बोलतील. त्यांना बोलू द्या, पण त्यांच्या एकटीसाठी म्हणून परातीपुढे बसू नका, कारण एकीचं बघता बघता सगळ्यांचं होतं.

आणि पुढच्या तपासणीला यजमानांना दवाखान्याबाहेर गाडी धरून उभं करू नका, आत घेऊन जा. आमवातातला थकवा आजाराचाच भाग आहे, झोपून जात नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. मांजराचं, मातीत काम करण्याचं आणि भाकरीचं, तिन्ही त्यांच्यासमोर विचारा. सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो ते आठवडाभर कॅलेंडरवर लिहून न्या. तो वेळ वाढत चालला असेल तर बहुधा औषधाचाच पुन्हा विचार करावा लागेल, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं.